ड्रॅगला गाडी नेताय? रबरापासून पेंट वाचवायला टेप, वॅक्स, सिरॅमिक की पीपीएफ

पाऊस सरला की आमच्या चिपळूण-खेड पट्ट्यातल्या पोरांना ड्रॅगचं, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीचं, वारं लागतं. कुणाकडे व्हर्टस जीटी असते, कुणाकडे जुनी पोलो, एखाद्याने सेकंडहँड बीएमडब्ल्यू थ्री सिरीज उचललेली असते, आणि मग वाकण-पाली-खोपोली करत लोणावळ्याच्या वर अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीपर्यंत जायचे बेत सुरू होतात (व्हॅली रन नावाची ड्रॅग स्पर्धा तिथेच होत आलीय, माहिती असेलच). टायर कुठला, प्रेशर किती, लाँच कंट्रोल कसं लावायचं यावर रात्र रात्र चर्चा, पण संध्याकाळी रन संपवून गाडी बाजूला घेतली आणि दरवाजाच्या खालच्या अर्ध्या भागावर टायरच्या रबराचे काळे काळे गोळे चिकटलेले दिसले की मग सगळ्यांचा एकच प्रश्न, आता हे काढायचं कसं आणि पुढच्या वेळी लावायचं काय.

लावायला खूप काही मिळतं, दोनशे रुपयांच्या टेपपासून लाखभराच्या फिल्मपर्यंत (पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची संरक्षक फिल्म). कुठलं घ्यायचं ते ठरवताना लोक एकच बघतात, रबर अडवतं की नाही. माझ्या मते तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की रात्री घरी आल्यावर ते काढायला किती घासावं लागणार. कारण रबर बसलं म्हणून पेंट लगेच मरत नाही, पेंट मरतो तो कोरड्या फडक्याने, नखाने, काथ्याने घासून. आमचा डेंटिंग-पेंटिंगवाला मूळचा कणकवलीकडचा, तो एका वाक्यात सांगतो, "रबर रंगाक काय करना नाय, तुमीच घासून वाट लावतास." कंपनीच्या पेंटमधला वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, आपल्या केसापेक्षा पातळ, आणि प्रत्येक वेळी घासून पॉलिश केलं की त्यातला थोडा जातो. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी रबर येतं कुठून ते. बर्नआउट म्हणजे रनच्या आधी टायर तापवायला चाक फिरवणं, ते करताना टायर जागच्या जागी फिरतो, वरचा थर तापून मऊ होतो आणि त्याचे कण नि तुकडे मागच्या दिशेला उडतात. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाणारी, असेल (आपल्याकडच्या नव्वद टक्के पोरांची असतेच) तर मार बसतो पुढच्या चाकामागच्या फेंडरच्या टोकाला, खालच्या सिलला (दरवाजाखालचा पत्र्याचा पट्टा) आणि पुढच्या दरवाजाच्या खालच्या भागाला, थोडंफार मागच्या आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) तोंडावर. रिअर व्हील ड्राइव्हला मागच्या चाकामागचा पत्रा म्हणजे क्वार्टर पॅनल आणि बंपरची बाजू जाते, कधीकधी थेट टेललॅम्पपर्यंत. म्हणजे अख्खी गाडी झाकायची गरजच नसते, दोन्ही बाजू मिळून चार-सहा जागा आहेत फक्त. फुल बॉडी काहीतरी विकायला बसलेला माणूस हे सांगणार नाही.

दुसरी गोष्ट ट्रॅकवरच्या कंपाउंडची. तयार केलेल्या ड्रॅग स्ट्रिपवर ग्रिपसाठी रेझिनचा चिकट द्राव फवारतात, अमेरिकेत व्हीएचटी नाहीतर पीजेवन ट्रॅकबाइट ही नावं सर्रास ऐकू येतात. असा ट्रॅक असेल तर उडणारं रबर नुसतं रबर नसतं, त्यात तो चिकटपणापण येतो आणि ते जास्त हट्टी असतं. साध्या धावपट्टीवर हा चिकटपणा कमी पण खडी-वाळू जास्त, टायर गरम झाला की ती उचलतो आणि फेंडरवर मारतो. तुम्ही जाताय तिथे कंपाउंड मारलंय का ते आयोजकांना आधी विचारा, टेप पुरेल की अजून काही लागेल याचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

फुकटातला उपाय आधी

याला पैसे लागत नाहीत म्हणून कुणी सांगत नाही. रोजच्या रस्त्याचे टायर असतील तर लांबलचक बर्नआउटचा उपयोगच नसतो, ते ड्रॅग स्लिकसारखे (बिननक्षीचे मऊ रेस टायर) तापवायचे टायरच नव्हेत. नक्षीचे टायर स्टार्टआधी टायर भिजवायला ठेवलेल्या पाण्याच्या खळग्यातून नेले तर खाचांत पाणी भरतं, ते स्टार्ट लाइनपर्यंत ठिबकत येतं, व्हील आर्चमधूनही गळतं आणि लाँचला चाक नुसतं फिरतं. म्हणून पाणी टाळून बाजूने जायचं, कोरड्यावर टायर जरासा फिरवून धूळ झाडायची, बास. धुराचा व्हिडिओ पाहिजे म्हणून जे दहा-दहा सेकंद जाळतात त्यांच्याच दरवाजावर सगळ्यात जास्त गोळे असतात. व्हिडिओ पाहिजेच असेल तर पुढचं सगळं नीट वाचा मग.

रांगेत पुढची गाडी बर्नआउट करत असेल तर अंतर ठेवा, तिचे तुकडे तुमच्या बंपरवर येतात. आणि रन संपल्यावर परतीच्या वाटेवर अगदी सावकाश या, कारण तेव्हा टायर गरम, चिकट असतो आणि वाटेत पडलेलं रबर नि खडी उचलून तुमच्याच अंगावर मारतो. एवढ्याने अर्धं काम होतं असं मी तरी म्हणेन.

मास्किंग टेप

वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यासाठी माझं मत इथेच. दोन इंची टेपचे दोन-तीन रोल, दोन-तीनशे रुपयांत दोन्ही बाजू होतात, अर्धा तास लागतो आणि रबर टेपवर बसतं, पेंटवर नाही, म्हणजे काढायला घासायचं काहीच नाही, टेप ओढली की रबर गेलं. वरच्या कसोटीवर इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्याच पर्यायाचं नाही, लाखाच्या फिल्मचंही नाही.

पण टेप टेपमध्ये फरक आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती पिवळट क्रीम रंगाची साधी मास्किंग टेप आपल्या उन्हात दिवसभर राहिली की गोंद पेंटवर सोडते, मग रबर वाचवलं आणि गोंद काढत बसलो असं होतं. पेंटरवाली निळी टेप (थ्रीएमची स्कॉचब्लू वगैरे) जरा महाग पण तिचा गोंद हलका असतो आणि ती जास्त दिवस राहिली तरी साफ निघते. चिपळूण-रत्नागिरीत सगळ्याच दुकानांत निळी मिळेलच असं नाही, ऑनलाइन आधीच मागवा, आदल्या दिवशी शोधत फिरू नका. ब्राउन पॅकिंग टेप, सेलोटेप, डक्ट टेप यांचं नावपण काढू नका. गाफर टेप (शूटिंगवाल्यांची कापडी टेप) मिळाली तरी ती थेट पेंटवर नको.

लावायची दिशा महत्त्वाची. मागून सुरुवात करून पुढे यायचं, पुढची पट्टी मागच्या पट्टीवर थोडी चढवायची, घरावर कौलं कशी खालून वर एकावर एक बसवत नेतो तशी, म्हणजे वारा कडेत शिरत नाही. उलटी लावली तर दीडशेच्या वेगाला कड उचलते आणि अख्खी पट्टी फडफडत जाते. सगळ्यात पुढची कड चाकाच्या आर्चच्या आत दुमडून घ्या. टेललॅम्प, इंडिकेटर, नंबर प्लेट यांवर टेप नको, ट्रॅकवर अडवतील ते अडवतील, रस्त्यावर पोलीस पण अडवेल आणि बरोबरच आहे ते.

लावायच्या आधी तो भाग धुवायलाच पाहिजे. आपल्याकडे गाडीवर जांभ्याची लाल धूळ कायमची असते, वरून खाऱ्या हवेचा चिकट थर, त्यावर टेप लावली तर एकतर ती धरत नाही आणि धरली तर खालची धूळ काढताना पेंटवरून ओढली जाते. घरी धुऊन तिथपर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जायचं म्हणजे परत धूळ आलीच, म्हणून एक पाण्याची बाटली, थोडा कार शॅम्पू आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर सोबत ठेवा, टेप तिथे पोचूनच लावा. काढायची पण तिथेच, संध्याकाळी पत्रा गार झाल्यावर, मागे दुमडून पेंटला जवळजवळ समांतर ओढत सावकाश. सरळ बाहेर ओढली तर गोंद राहतो. आणि गोळा झालेला टेपचा कचरा पिशवीत घालून घरी आणा.

आता टेपचा एक मोठा प्रॉब्लेम, आणि हा खास किनाऱ्याकडच्या गाड्यांचा. सिलच्या खाली किंवा आर्चच्या ओठावर गंज धरून पेंटला बारीक फोड आलेले असतील, किंवा तो पॅनल कधीतरी बाहेरून रंगवलेला असेल, तर टेप ओढताना पेंटचा पापुद्रा सोबत येतो. गुहागर, दापोली, हर्णैकडे समुद्राच्या अगदी जवळ राहणाऱ्या गाड्यांना हे फोड चार-पाच वर्षांत दिसायला लागतात. बोट फिरवून बघा, फुगीर लागलं तर तिथे टेप नाही, फिल्मपण नाही. तिथे सरळ वॅक्स जाड लावा आणि पुढे त्या गंजाचं काय करायचं ते बघा, कारण रबर हा तुमचा खरा प्रॉब्लेमच नाहीये.

दुसरं, दरवाजाखालचं किंवा आर्चवरचं काळं खरखरीत प्लास्टिक, त्यावर टेप धरत नाही. एसयूव्हीवाल्यांचं बरं असतं, खालचं सगळं काळंच, रबर दिसतच नाही. पण त्याच्या खरखरीत दाण्यांत रबर अडकलं तर काढायला पेंटपेक्षा जास्त त्रास, तिथे आधी प्लास्टिक ड्रेसिंग मारून ठेवा.

क्लिंग फिल्म, रद्दी पेपर, मॅग्नेट शीट

हे तिन्ही लवकर उरकतो. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म नाहीतर पॅकिंगची स्ट्रेच फिल्म पॅनलवर पसरून कडांना टेप लावायची, टेप कमी लागते, पाच मिनिटांत होतं, दिसायला भारी वाटतं. पण पन्नाशीच्या पुढे वारा आत शिरतो, फिल्म फडफडते, खालची धूळ पेंटवर घासते आणि एकदा फाटली की तुकडा ट्रॅकवर जातो, मग मार्शल सगळं थांबवतात आणि सगळे तुमच्याकडे बघतात. तुकडा तापलेल्या सायलेन्सरवर गेला तर वितळून बसतो, तो काढणं रबरापेक्षा वाईट. रद्दी पेपर डेंटिंगवाल्याकडे रंग मारताना ठीक, ट्रॅकवर एका रनमध्ये चिंध्या. मॅग्नेट शीट जाहिरातीवाल्यांकडून कापून घेणारे पण आहेत, ती पत्र्यालाच चिकटते, प्लास्टिक बंपरला नाही, वेगात उडू शकते आणि खाली एक कण जरी राहिला तरी गोल ओरखडे. नको.

वॅक्स आणि स्प्रे सीलंट

वॅक्स रबर अडवत नाही, हे पहिलं समजून घ्या. त्याचं काम एवढंच की रबर आणि क्लिअर कोटच्या मध्ये एक निसरडा थर राहतो, त्यामुळे गोळा नीट चिकटत नाही आणि काढताना कमी घासावं लागतं. डबा काही शेकड्यांत येतो, वर्षभर पुरतो. कार्नोबा वॅक्स आपल्या दमट हवेत आणि उन्हात फार टिकत नाही, महिना-दीड महिना धरा, पावसाळ्यात त्याहून कमी. म्हणून दिवाळीत लावलेलं वॅक्स फेब्रुवारीत कामाला येईल असं समजू नका, जायच्या आदल्या दिवशी खालच्या पॅनलांना दोन हात मारा. सिंथेटिक सीलंट थोडं जास्त टिकतं. तिथे पोचून रनच्या आधी स्प्रे वॅक्सचा एक हात मारला तरी फरक पडतो.

टेपशी तुलना केली तर, टेपमुळे संध्याकाळचं काम शून्य होतं पण सकाळी अर्धा तास जातो, वॅक्सचं उलटं, सकाळी काही नाही पण संध्याकाळी टार रिमूव्हर (डांबराचे डाग सोडवायचं द्रव) घेऊन बसावं लागतं. आणि टार रिमूव्हरने रबरासोबत वॅक्सपण जातं, म्हणजे धुऊन परत लावणं आलं. फोडवाल्या, रिपेंट केलेल्या किंवा जुन्या गाडीला वॅक्सच योग्य. टेपच्या खालीही वॅक्स चालतं का असं विचारतात, चालतं पण टेप नीट धरत नाही, दोन्हीतलं एक धरा, नाहीतर टेपच्या हद्दीच्या बाहेर वॅक्स.

तेल, डब्ल्यूडी-४०, सिलिकॉन स्प्रे, भांड्याचा साबण

बाहेरदेशी काही रेसर चाकामागच्या पॅनलवर तेलकट स्प्रे मारतात, रबर चिकटत नाही आणि नंतर पुसून निघतं, हे खरं आहे. पण आपल्याकडे नको असं मी म्हणतो. तेलावर धूळ बसते, ऊन लागलं की ते खाली ओघळतं, ब्रेक डिस्कवर किंवा टायरवर आलं तर पेंट राहू दे बाजूला, गाडीच जाईल. ट्रॅकवर ठिबकलं तर मागून येणाऱ्याच्या चाकाखाली. भांड्याच्या साबणाचा पातळ थर लावून वाळवणारे पण असतात, तो निदान पाण्याने धुतला जातो, पण खालचं वॅक्स घेऊन जातो. डब्ल्यूडी-४० डिकीत ठेवा जरूर, पण रन संपल्यावर काढायला, आधी लावायला नाही.

सोलून काढायची लिक्विड फिल्म

प्लास्टी डिपसारखं रबरी कोटिंग फवारायचं आणि मग पापुद्र्यासारखं सोलायचं. ऐकायला मस्त वाटतं. करायला बसलं की कळतं की चार-पाच कोट द्यावे लागतात, पातळ दिलं तर सोलताना तुकडे तुकडे होतात आणि मग बसा एकेक तुकडा नखाने काढत. एका कॅनमध्ये फार भाग होत नाही, सगळीकडे पेपर लावून झाकावं लागतं, दमट हवेत वाळायला वेळ, आणि पेट्रोल सांडलं तर ते विरघळतं, त्यामुळे पेट्रोलच्या झाकणाखालच्या क्वार्टर पॅनलवर विचार करून. महिनोन्‌महिने उन्हात ठेवलं तर कडक होऊन नीट सुटत नाही. ज्याला काळ्या मॅट पट्ट्यांचा लूक पाहिजेच आहे आणि वर रबरापासूनपण वाचवायचंय त्याने करावं. फक्त एका दिवसासाठी याची मेहनत टेपच्या दहापट.

सिरॅमिक कोटिंग

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण विकणारा माचिसची काडी पेटवून, हातोडी मारून दाखवतो. कोटिंगचा थर मायक्रॉनभर नाहीतर त्याच्या आसपास असतो, तो खडी अडवत नाही, उडून आलेला रबराचा तुकडापण अडवत नाही. उपयोग कुठे होतो तर काढताना. गुळगुळीत पृष्ठभाग असल्यामुळे प्रेशर वॉशरनेच बरंच निघून जातं, बाकीचं टार रिमूव्हरने, आणि वॅक्ससारखं ते एका धुण्यात उतरत नाही. म्हणजे वॅक्सचा मोठा भाऊ, टेपचा नव्हे.

खर्च साधारण पंधरा-वीस हजारांपासून पुढे, शहर आणि ब्रँडप्रमाणे. फक्त ड्रॅगसाठी करायचं असेल तर पैसे पाण्यात. पण वर्षभराची धूळ, खारी हवा, पावसातला चिखल लवकर धुतला जावा म्हणून करायचंच आहे तर ड्रॅगला फायदा आपोआप होतो. दोन-तीन गोष्टी बघा. करून घेतल्यावर आठवडाभर तरी गाडी धुवायची नसते, शक्यतो भिजू द्यायची नसते, म्हणजे इव्हेंटच्या दोन दिवस आधी करायला जाऊ नका. आपल्या दमट हवेत उघड्या शेडमध्ये लावलेलं कोटिंग डाग डाग धरतं, बंद जागेत एसी किंवा डीह्युमिडिफायर लावून काम करणारा शोधा. आणि बोअरवेलच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली तर कोटिंगवर पांढरे डाग बसतात, ते काढायला परत त्यालाच पैसे. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो, आंब्याचा चीक क्लिअर कोट खातो, कोटिंग असलं तरी. रबर चार तास राहिलं तर चालेल, चीक नाही.

पीपीएफ

आता महागडा राजा. पेंट प्रोटेक्शन फिल्म, चांगली म्हणजे टीपीयूची (एक लवचिक प्लास्टिक), १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे कंपनीच्या सगळ्या पेंटच्या थरापेक्षाही जाड. ही खरोखर अडवते, रबरपण आणि खडीपण. बारीक ओरखडे गरम पाण्याने किंवा उन्हाने भरून निघतात, मात्र खोल कापलं तर नाही. फुल बॉडीला साधारण सत्तर हजार ते दीड लाख सांगतात. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा टीपीएच किंवा पीव्हीसी अशा हलक्या प्लास्टिकची असते, ती आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते, पांढऱ्या गाडीवर तर लगेच दिसते.

ड्रॅगसाठी फुल बॉडी? अजिबात नाही. वर सांगितल्या त्या चार-सहा जागा करून घ्या, फेंडरचं टोक, सिल, दरवाजाचा खालचा भाग, रिअर व्हीलवाल्यांनी क्वार्टर पॅनल. पॅनलप्रमाणे भाव मागा, देतात. पण हा खर्च ड्रॅगच्या नावावर टाकू नका, हिशोब बसणार नाही. बसतो तो मुंबई-गोवा हायवेच्या नावावर. जो रोज परशुराम घाटातून किंवा कशेडीकडे ये-जा करतो त्याच्या सिलवर डांबर, सिमेंटचे शिंतोडे, डंपरमागची खडी रोज येते, वर्षातून एकदा येणाऱ्या रबरापेक्षा ती कितीतरी जास्त. त्याला खालच्या पट्ट्याची पीपीएफ घ्यायला माझी हो. गाडी आठवड्यातून एकदा बाजाराला जाते आणि जानेवारीत ड्रॅगला, तर नाही, टेप घ्या.

पीपीएफवर रबर बसलं तर काढावं लागतंच, फिल्म काय जादू नव्हे. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा टार रिमूव्हर थोडा वेळ चालतो, लगेच धुवायचं, थिनर कधीच नाही, आणि कडांजवळ द्रव मुरू द्यायचा नाही, गोंद सुटतो. पांढऱ्या गाडीच्या फिल्मवर रबर आठवडाभर उन्हात राहिलं तर पिवळा-तपकिरी डाग पडू शकतो, कारण टायरमधली अँटिऑक्सिडंट रसायनं नि तेलं मुरतात. हे नुसत्या पेंटवरही होतं. दुसरं म्हणजे फिल्मच्या कडेला आपली लाल माती बसते आणि तपकिरी रेघ दिसायला लागते, कडा आत दुमडून लावणारा इन्स्टॉलर बघा. नव्याने रंगवलेल्या पॅनलवर निदान महिनाभर फिल्म नको, रंगातले वायू बाहेर पडायला वेळ लागतो. आणि गंजाच्या फोडावर फिल्म म्हणजे खारं पाणी आत कोंडून ठेवणं.

काहीच न लावणं

हाही पर्याय आहे आणि हसू नका. काळी किंवा गडद गाडी, टायर रोजचे, बर्नआउट छोटा, मग चार गोळे बसतील, ते त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या सकाळी काढले तर कुठलाही टेप-फिल्मचा खटाटोप नको. अट एकच, वेळेत. गाडी सावलीत गार होऊ द्या, आधी नुसत्या पाण्याने वाळू-माती घालवा, मग टार रिमूव्हर किंवा डब्ल्यूडी-४० मारून दोन-तीन मिनिटं थांबा (सुकू देऊ नका), मायक्रोफायबरने न दाबता उचला, फडक्याची बाजू सारखी बदलत राहा. उरलेल्याला क्ले बार (चिकटलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर साबणपाण्यावर. मग शॅम्पू, मग वॅक्स, कारण द्रवाने आधीचं वॅक्स गेलेलं असतं. रॉकेल पूर्वी सगळे वापरायचे, काम करतं पण तेलकट थर नि वास ठेवतं, आणि आता ते मिळतंय कुठे. एनसी थिनर हातात घेऊ नका, गॅरेजमध्ये रंगवलेला पॅनल असेल तर रंग मऊ होऊन फडक्यावर येतो. पेट्रोलपण नाही. काथ्या, भांड्याची घासणी, नारळाची करवंटी घेऊन खरवडणारे मी डोळ्यांनी बघितलेत, त्यांच्या गाडीवर रबर राहिलं नाही आणि चमकपण राहिली नाही.

मग घ्यायचं काय

पांढरी किंवा सिल्व्हर फ्रंट व्हील गाडी, कंपनीचा मूळ पेंट, वर्षातून एकदा-दोनदा ट्रॅक: निळी टेप, बाकी काही नाही, जे पैसे उरतील ते टायरला लावा. जुनी, कुठे कुठे रंगवलेली, खाली फोड धरलेली: जाड वॅक्स, छोटा बर्नआउट, त्याच रात्री सफाई. रिअर व्हील बीएमडब्ल्यू, सॉफ्ट टायर, दर इव्हेंटला हजेरी: क्वार्टर पॅनल आणि बंपरच्या बाजूला टीपीयू, वर टेपपण मारा, फिल्म डागाळत नाही मग. रोज हायवे करणारा: खालच्या पट्ट्याची पीपीएफ. सिरॅमिक आधीच केलेलं असेल तर त्यावर टेप चालते पण आधी एका कोपऱ्यात चिकटते का बघा, निसरड्या कोटिंगवर ती कधीकधी धरतच नाही, तिथे आयसोप्रोपिलने पुसून लावा.

दोन गोष्टी मडफ्लॅपबद्दल, कारण हा प्रश्न येतोच. पुढच्या चाकामागे कंपनीचे मडफ्लॅप असतील तर काढू नका, फ्रंट व्हील गाडीत सिलवर येणारं बरंच रबर तेच खातात आणि हायवेलापण कामाचे. बाजारातले मोठे रबरी लोंबते लावू नका, ट्रॅकवर फडफडतात आणि एखादा स्क्रू सुटला तर चाकात जातो.

आणि पेंट खराब झाला तर इन्शुरन्स आहे ना म्हणणाऱ्यांनी पॉलिसीचा वापराच्या मर्यादांचा भाग एकदा काढून वाचावा, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यात वगळलेलं असतं. ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून. त्यामुळे जायच्या आधी दोन्ही बाजूंचे खालच्या पॅनलचे फोटो काढून ठेवा, नंतर कुठला ओरखडा आधीचा आणि कुठला ट्रॅकवरचा हे निदान तुमचं तुम्हाला तरी कळेल, आणि डिटेलिंगवाल्याकडे गेलात तर त्यालाही दाखवता येईल.